पालथी घागर

उमरघाटला कुणाच्याही घरी जा, आधी गूळ-पाणी. वाटीत गुळाचा खडा आणि शेजारी भरलेला पेला. चहा नंतर, ख्यालीखुशाली त्याच्याही नंतर. माझ्या ताईच्या सासूबाई, विजयामावशी, ह्या बाबतीत फारच कडक होत्या. एकदा मी उंबऱ्यातूनच आईच्या गुडघेदुखीचं सांगायला लागले, तर त्यांनी मला हातानेच थांबवलं.

"आंधी पानी पे बाई. कोरड्या घशानं बोललेलं खरं नसते."

मी हसले होते. मी पांढुर्ण्याला अकरावी-बारावीच्या मुलांना रसायनशास्त्र शिकवते. घसा आणि सत्य ह्यांचा संबंध आमच्या पुस्तकात कुठे दिलेला नाही.

समुद्र मी एकदाच पाहिलाय, बी.एड.च्या सहलीत. तरी सांगते, उमरघाट हे समुद्रकाठचंच गाव आहे. धरण झालं तेव्हा खालचं गाव उठून टेकडीवर आलं. तीन बाजूंनी पाणी, चौथ्या बाजूला सागाचं जंगल. मोहगावकडून एक रस्ता आहे, पण तो सगळ्या जंगलाला वळसा घालून येतो, म्हणून लोक डोंग्याने, म्हणजे लहान होडीनेच, ये-जा करतात. हिवाळ्याच्या सकाळी घाटाच्या पायऱ्यांवर बसलं की पलीकडचा काठ धुक्यात नाहीसा होतो. बारक्या लाटा पायरीवर आपटत असतात. माघात त्या ओल्या वाऱ्यात संत्र्याच्या फुलांचा वास मिसळतो. अशा ठिकाणी काही वाईट घडेल असं कुणाला वाटत नाही. आम्हालाही वाटलं नाही, म्हणून तर ताई दिली.

ताईचं नाव अश्विनी. ती माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी. मी तोंडाळ, ती शांत. आई म्हणायची, एकीची जीभ दुसरीला दिली असती तर दोघी सुखी झाल्या असत्या. तिचा नवरा गजेंद्र. उमरघाटला त्याचा संत्र्याचा मोठा बगीचा, घरात तो आणि आई एवढीच माणसं. तो हळू बोलायचा. संत्रं सोलायचा तर साल एका लांब पट्टीत काढायचा, कुठेही तुटू द्यायचा नाही, आणि मग फोडी समोरच्याच्या हातावर ठेवायचा. आमच्या घरात तो सगळ्यांना आवडला. मलाही.

ताई गेली ती पोळ्याच्या आदल्या दिवशी. पोळा आणि दुसऱ्या दिवशीची गोटमार, ती आमच्याकडची दगडफेकीची जत्रा, करून चार दिवस माहेरी राहायचं, म्हणून ती निघाली होती. डोंग्यात दोघंच होते. मध्यावर वारा सुटला, डोंगा उलटला. गजेंद्र पोहत काठाला आला आणि तिथेच पायरीवर कोसळला. ताईला पोहता येत नव्हतं. जाम नदीच्या काठी वाढलेल्या आम्हा मुलींना कोण पोहायला शिकवणार? गळ टाकले, पाणबुडे आणले. ती सापडली नाही. खाली जुन्या गावातली झाडं अजून उभी आहेत, त्यांत अडकली असेल, असं लोक म्हणाले.

इथे ताणाचं सांगायला हवं.

संत्र्याला बहार हवा असेल तर आधी त्याला तहानलेलं ठेवतात. पाणी साफ बंद. माती भेगाळते, पानं मलूल होतात, झाड आता जातंय की काय असं वाटतं. मग पाणी सोडलं की पोटात दडवलेलं सगळं ते एकदम बाहेर काढतं. नुसती फुलंच फुलं. ह्याला ताण देणं म्हणतात, आणि पाणी सोडणं म्हणजे ताण तोडणं. आमच्या भागात हे लहान पोरालाही ठाऊक असतं.

उमरघाटचे लोक बुडालेल्या माणसालाही ताण देतात. माणूस पाण्यात गेलं आणि सापडलं नाही, तर त्याची घागर घाटाच्या वर मातीत पालथी घालतात. पावसाचा थेंबही आत जाऊ नये अशी. त्याच्या नावाने कुणी पाणी सोडत नाही, पितरपाटात, म्हणजे पितृपंधरवड्यातसुद्धा नाही. एवढ्या पाण्याच्या तळाशी ते तहानलेलं राहतं, आणि तहान सोसेनाशी झाली की आपली घागर शोधत वर येतं. ते आलं की घागर सुलटी करायची, भरायची, त्याच्यावर ओतायची. तिसऱ्या पोळ्यापर्यंत आलंच नाही, तर मात्र त्याला सोडून देतात. तोवर त्या घरात नवी घागर येत नाही. म्हणजे नवी सून येत नाही.

ताईची घागर आंदणातली होती. आईने पांढुर्ण्याच्या बाजारातून आम्हा दोघींसाठी एकाच दिवशी दोन पितळी घागरी घेतल्या होत्या, अगदी एकसारख्या, गळ्याशी नावं कोरलेल्या. एकीवर अश्विनी, दुसरीवर सायली. तिची उमरघाटला गेली. माझी फडक्यात गुंडाळून कपाटावर बसली, माझ्या लग्नाची वाट बघत.

ताईची घागर विजयामावशींनी स्वतःच्या हाताने पालथी घातली. गळा मातीत दाबला, त्याबरोबर नावही मातीत गेलं. रोज पहाटे, अंधारातच, त्या घाटावर येऊन घागरीच्या बुडाला हात लावायच्या. "पोटच्या पोरीवानी होती. तिले मी तान देऊन राहिली," एवढं म्हणून त्यांनी पदर तोंडाला लावला होता. मला ते सगळं खुळचटच वाटलं. पण त्यांचं रडणं खरं होतं.

दोन पोळे उलटले. सुट्टी लागली की मी उमरघाटला जायचे. मावशींना सोबत म्हणून, असं घरी सांगायचे. गजेंद्र आवडतो म्हणून जात होते, हे सांगून टाकते. तो बगीच्यात काम करायचा आणि मी बांधावर बसून वह्या तपासायचे. आमचं फारसं बोलणंही व्हायचं नाही. तो अधूनमधून येऊन हातावर फोडी ठेवून जायचा, आणि मी मुलांना जरा जास्त मार्क द्यायचे.

नाताळच्या सुट्टीत अर्ध्या बगीच्याला ताण दिलेला होता. घाटाच्या वरपर्यंत काळी माती भेगाळून पडली होती. मी घागरीशेजारी बसले आणि टेकायला हात मागे नेला, तो चिखलात गेला.

घागरीभोवती हातभर जमीन ओली होती. काठाला लागून हिरवंगार गवत उगवलं होतं. घागर जरा कलती केली, तर आतून थंड वाफ आली आणि मातीत मुरलेल्या पाण्याचा वास आला.

मी सरळ गजेंद्रलाच विचारलं. तो फांदीखालच्या टेकूची हिरवी नायलॉन दोरी दुहेरी गाठीने आवळत राहिला. मग म्हणाला, "मले पाह्यवत नाई, सायली. सारं गाव तिले तहानेनं मारून राहिलं. मी रोज सांजच्याले लोटाभर पानी सोडतो. मायले नको सांगजो."

मला रडू आलं. इतकं प्रेम माणूस माणसावर करतं, आणि ते माझ्या ताईच्या वाट्याला आलं होतं, ह्याचं रडू. आणि एक दिवस ते माझ्या वाट्याला यावं असं वाटलं, त्याचंही. त्या दिवसापासून मी त्याला भाऊजी म्हणणं सोडलं. संक्रांतीला त्याने विचारलं. म्हणाला, "मह्या लग्नात जोडे तूच लपवले होते. परत देतानी हसली होती. ते मले अजून दिसते." दोन्ही घरांत बोलणी झाली. तिसरा पोळा उलटला की लग्न. विजयामावशींनी मला जवळ घेतलं आणि म्हणाल्या की, देवानं एक नेली अन् तिचीच बहीण देली.

शिवरात्रीच्या सुट्टीला मी न कळवता गेले. गुणवंता नावाचा डोंगेवाला मला घाटाच्या खालच्या पायरीवर उतरवून परत फिरला. सूर्य नुकताच बुडाला होता. घराघरांतून फोडणीचा वास येत होता. वर घागरीपाशी गजेंद्र उकिडवा बसला होता, माझ्याकडे पाठ करून. एका हाताने घागर कलती करून दुसऱ्या हातातला लोटा तो हळूहळू रिता करत होता. त्याला हाक मारायला मी तोंड उघडलं.

तो घागरीशी बोलत होता. प्रेमानेच बोलत होता.

"घे. पोटभर पे. तुले काई कमी नाई पडू देनार मी. फक्त वर नको येऊ. एक पोळा राह्यला आता. वर नको येऊ."

मी पायरीला चिकटून उभी राहिले. तो उठला, लोटा झटकला आणि कसलीशी शीळ घालत घराकडे गेला.

एखाद्याला आपलं माणूस परत हवं असतं. एखाद्याला ते तळाशीच हवं असतं. मी रसायनशास्त्राची असले तरी एवढं मला कळत होतं. मी ठाण्यात जाऊन काय सांगणार होते? आमचा जावई घागरीला पाणी घालतो? त्यांनी मला पंख्याखाली बसवून घरी पाठवलं असतं. तो माझ्या ताईला मधल्या पाण्यात घेऊन गेला होता. ती माहेरची पिशवी मांडीवर घेऊन बसली असेल. आणि माझ्या हातावर फोडी ठेवणारा हात तोच होता. मला रडू आलं नाही. राग आला. असा राग मला आयुष्यात आला नव्हता. तो आला आणि मग गेलाच नाही.

त्या सुट्टीत मी त्याच्याशी गोड बोलले. त्याने दिलेल्या फोडी खाल्ल्या. परत आल्यावर कपाटावरची माझी घागर उतरवली आणि शाळेच्या प्रयोगशाळेत नेली.

पितळेला दोन वर्षांचं म्हातारपण आणायला आठवडाही पुरतो. मिठाचं पाणी लावायचं, प्लास्टिकच्या मोठ्या डब्यात अमोनियाशेजारी ठेवायचं, झाकण घट्ट लावायचं. माझी झळझळीत घागर हिरवी-काळी होऊन निघाली. पुढच्या रविवारी भर दुपारी, सगळे जेवून पडले असताना, मी घाटावर गेले. ताईची घागर उचलली, माझी त्याच ओल्या मातीत त्याच खळीत पालथी घातली आणि गळा नावासकट दाबून टाकला. ताईची माझ्या पिशवीत गेली. पांढुर्ण्याला आल्यावर ती कोरडी पुसली आणि माझ्याच फडक्यात, माझ्याच कपाटावर, पालथी ठेवली.

पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात ते आता खरं होणार होतं. त्याने रोज पाणी घालावं, हवं तेवढं. ते ताईला मिळणार नव्हतं.

ह्यातलं काही मी मानत होते का? नव्हते. पण देवापुढे हात जोडताना तरी कोण पुरावा मागतं? मला त्याचं काही वाईट करायचं होतं, आणि माझ्या हाती तेवढंच होतं.

पहिली तक्रार विजयामावशींच्या माठाची. रात्री भरलेला माठ सकाळी अर्ध्यावर येऊ लागला. त्यांनी माठ बदलला. नवाही तसाच. खाली ओल नाही, तडा नाही. माठ चांगला भाजला नसेल, असं मी म्हणाले.

मग संत्री. फाल्गुनात बाकीच्या झाडांवरचा, पावसाळ्यात धरलेला मृगाचा बहार तोडून माल पांढुर्ण्याला पाठवला, तो व्यापाऱ्याने परत केला. वरून पिवळीधमक, हातात घेतली तर हलकी. गजेंद्रने माझ्यासमोर एक सोललं. साल नेहमीसारखी एका पट्टीत निघाली. आत फोडी होत्या, पण रसाचा थेंब नव्हता. चावलं तर कापूस चावल्यासारखं. झाडाचं पोषण कमी पडलं की असं होतं, हे मला माहीत होतं. तसं मी सांगितलंही. शेजारच्या बगीच्यात, त्याच मातीत, त्याच पाण्यावर, संत्री रसाने फुटायला आली होती.

मग त्याची तहान.

आधी कुणाच्या लक्षात आलं नाही, उन्हाळ्यात सगळेच पाणी पितात. मग तो बाटली घेऊन फिरायला लागला, मग कॅन घेऊन. जेवताना घासागणिक पेला. मोटारपंपाच्या धारेखाली तोंड धरून उभा राहायचा, आणि बाजूला झाला की ओठ पुन्हा पांढरे. साखर तपासली, किडन्या तपासल्या, सगळं ठीक निघालं. मावशींनी त्याला जामसांवलीला नेलं. मारुतीसमोर तो गर्दीत उभा राहिला, तीर्थ घेतलं आणि आणखी मागितलं. पुजाऱ्याने आणखी दिलं.

मी एक साधा प्रयोग केला. दोन स्टीलचे पेले काठोकाठ भरले. एक ओसरीत त्याच्या खाटेशेजारी, एक ओसरीच्याच दुसऱ्या टोकाला. ऊन तेच, वारा तोच. तो झोपला होता, हात छातीवर. मी मधे बसून वह्या तपासत होते. त्याच्याजवळच्या पेल्यातलं पाणी उतरत गेलं. कुणीतरी सावकाश, एकेक घोट घ्यावा तसं थांबून थांबून. तळ दिसला तेव्हा पेला किंचित हलला. दुसरा पेला तसाच होता.

बाष्पीभवन असं मी वहीच्या कडेला लिहिलं आणि खोडलं.

चैत्र संपता संपता तो मला म्हणाला, "पानी पेतो तं खाली उतरतच नाई, सायली. गळ्यातूनच कोनी पिऊन घेते." त्याचा आवाज वाळक्या पानावरून चालल्यासारखा झाला होता. मी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. तेव्हा तो कुजबुजला, "मी तं तिले रोज देऊन राहिलो. पोटभर देऊन राहिलो. मंग काहून?"

"अजून द्या," मी म्हणाले.

मला ते म्हणताना गोड वाटलं. लपवत नाही.

त्याने अजून दिलं. लोट्याची बादली झाली. संध्याकाळची वाटही तो बघेना. भर दुपारी सगळ्या गावादेखत बादल्या नेऊन घागरीवर रित्या करायला लागला. विजयामावशींनी ते पाहिलं. त्या धावत घाटावर गेल्या, त्याचा दंड धरला आणि विचारलं, "तिचा तान तोडून राहिला तू? काहून? तिले वर येऊ नाई द्याचं का तुले?" तो उरलेली बादली घागरीवर रिती करत राहिला. मावशी त्याच्या तोंडाकडे बघत राहिल्या. मग त्यांनी हात सोडला आणि घरी येऊन चुलीपुढे बसल्या. त्या दिवशी चूल पेटली नाही.

वैशाखातली ती दुपार. गुणवंताने हाका मारल्या म्हणून आम्ही दोघी घाटावर गेलो.

गजेंद्रने डोंगा काढला होता. बराच आत, जिथे दोन वर्षांपूर्वी तो उलटला म्हणतात, तिथे डोंगा उभा होता. वारा चांगला होता, पाण्यावर लाटा होत्या. डोंगा हलत नव्हता.

गजेंद्र पोटावर पडून पाणी पीत होता. तोंड पाण्याला लावलेलं, एक हात कोपरापर्यंत आत. मधेच डोकं वर करून तो ओरडला.

"येऊन राहिली ते!"

पुन्हा तोंड पाण्याला लावलं.

मावशींनी माझं मनगट धरलं होतं. त्यांची पकड घट्ट होत गेली.

त्याचं डोकं वर आलं नाही.

गुणवंता दुसरा डोंगा घेऊन गेला आणि त्याला घेऊन आला. येताना गुणवंताने त्याच्याकडे पाठ केली होती.

गजेंद्र कोरडा होता. केस कोरडे, कपडे कोरडे. ओठ भेगाळून दातांवरून मागे सरले होते. जो हात पाण्यात होता त्याची कातडी उन्हात टाकलेल्या संत्र्याच्या सालीसारखी आकसली होती. पुढे डॉक्टरांनी ऊन लागल्याचं लिहिलं. पोटात पाणी किती होतं, हे मी विचारलं. नव्हतंच, असं ते म्हणाले.

आम्ही त्याला पायरीवर ठेवत होतो तेव्हा गुणवंता म्हणाला, "बाई, मागं पाहा."

डोंग्यामागून काहीतरी आलं होतं. एक लाट आली, दुसरी आली, आणि खालच्या पायरीवर ताई होती. मी तिला तिच्या पोळ्याच्या लुगड्यावरून ओळखलं, पायांतल्या जोडव्यांवरून ओळखलं. बाकी ओळखण्यासारखं पाण्याने थोडंच ठेवलं होतं. तिच्या घोट्याला हिरवी नायलॉनची दोरी होती. फांद्यांच्या टेकूंना बांधतात ती, आणि गाठही तीच, दुहेरी. दोरीचं दुसरं टोक झिजून झिजून तुटलेलं होतं.

विजयामावशींनी ती गाठ पाहिली. ती बांधायला पोराला त्यांनीच शिकवलं असणार. त्या खाली बसल्या नाहीत, रडल्या नाहीत. एकदा मुलाकडे पाहिलं, एकदा सुनेकडे.

"आली," त्या म्हणाल्या. "हिचा तान तोडू द्या आंधी."

त्या स्वतः वर गेल्या. चिखलातून घागर उपसली, सुलटी केली आणि गळ्याची माती अंगठ्याने पुसली. मग तिथेच थांबल्या. मावशी चौथीपर्यंत शिकल्या आहेत. तीन अक्षरं वाचायला त्यांना वेळ लागत नाही. पण त्या बराच वेळ वाचत होत्या.

"अश्विनीची कुठं हाय?"

"माझ्या घरी," मी म्हणाले. "पालथी. कोरडी."

"कधीपासून?"

"शिवरात्र झाल्यावर."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर मला सोपं गेलं असतं. पोरगा खुनी होता हे त्यांना कळलं होतं. पोरगा त्यांचाच होता हेही त्यांना कळत होतं. दोन्ही एकदम कळल्यावर बाई कशी दिसते ते मी पाहिलं.

"तुले सारं ठाऊक होतं. अन् त्याच्या डोक्यावरून हात फिरवून राहिली होती तू."

मावशींनी माझी घागर पदराखाली घेतली आणि त्या घराकडे गेल्या.

पोलीस आले, पंचनामा झाला. दुसऱ्या दिवशी मी पांढुर्ण्याहून ताईची घागर आणली. सुलटी केली, भरली आणि तिच्यावर ओतली. आई शेजारी उभी होती. ओतताना घागरीतून किती पाणी आलं, ती एवढी मोठी असेल असं मला वाटलं नव्हतं. ताण तुटला. मग आम्ही ताईला घेऊन गेलो. मला पश्चात्ताप नाही. पुन्हा वेळ आली तर पुन्हा तेच करीन.

माझ्या घागरीचं तेवढं राहिलं. पंधरा दिवसांनी मी ती मागायला गेले तेव्हा मावशी अंगण झाडत होत्या. म्हणाल्या, "मह्याजवळ हाय. नीट ठेवली हाय." कुठे ते सांगितलं नाही. घाटावर नव्हती, घरात दिसली नाही. भांडं एक, त्यात काय एवढं, असं म्हणून मी परत आले.

शाळा सुरू झाली. पावसाळा लागला, हवा दमट, कुणाला फार तहान लागत नाही अशा दिवसांत माझी बाटली दुसऱ्या तासालाच संपायला लागली. बोलण्याचं काम आहे, होतं असं. मग दोन बाटल्या नेऊ लागले. परवा शिकवता शिकवता टेबलावरच्या बाटलीकडे पाहिलं. झाकण लावलेलं होतं. पाणी थांबून थांबून उतरत होतं.

काल मी पुन्हा उमरघाटला गेले. पाऊस पडत होता, गुणवंता डोंग्यात माझ्याकडे पाठ करून बसला होता. मावशींनी दार उघडलं, बसायला सतरंजी टाकली, आईच्या गुडघ्याचं विचारलं. मी सांगितलं. घसा इतका सुकला होता की शब्द तुटत होते. घागर द्या, असं मी म्हणाले. दोनदा म्हणाले.

त्या आत गेल्या आणि बाहेर आल्या. माझ्यासमोर वाटी ठेवली, तिच्यात गुळाचा खडा होता, चांगला मोठा. मग समोर भिंतीला टेकून बसल्या आणि पदराने हात पुसले.

मी वाट पाहिली.

"खा बाई," त्या म्हणाल्या.

वाटीशेजारी पेला नव्हता.